सर्वानुमते मंजूर

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघाले की मुरबाड मागे पडते, टोकावडे मागे पडते आणि मग वैशाखरे येते. नगरकडे जाणाऱ्या एसट्या इथून पुढे घाटाला लागतात. शनिवार-रविवारी पाठीला सॅक लावलेली मुंबईची मंडळी याच भागात उतरून नाणेघाटाची वाट विचारतात. त्या घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, याची त्यात आकड्यांनिशी यादी आहे. भारतात कोरलेले जे फार जुने अंक आज वाचता येतात, त्यांत या लेखातले अंक मोडतात. म्हणजे वैशाखरे गावाच्या डोक्यावरच एक हिशेब कोरून ठेवलेला आहे. मात्र त्यात फक्त खर्चाची बाजू आहे. जमेसाठी घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात व्यापाऱ्यांकडून जकात घेतली जायची असे सांगतात. ती किती जमली आणि कुठे गेली, हे खालच्या गावाने विचारायचे नसे.

आता ते विचारता येते आणि त्यासाठी घाट चढावा लागत नाही. ग्रामपंचायत कार्यालयातल्या लोखंडी कपाटात सभेच्या इतिवृत्ताची वही असते, रोकडवही असते, घरपट्टीच्या आकारणीची नोंद असते. ठाणे जिल्ह्यात ४३१ ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या १२६ मुरबाड तालुक्यात आणि ११० शहापूर तालुक्यात, म्हणजे जिल्ह्यातल्या निम्म्याहून जास्त या दोन डोंगरी तालुक्यांतच आहेत. एवढ्या ठिकाणी दर महिन्याला सभा भरते, ठराव होतात, पैसा खर्ची पडतो. वर्तमानपत्रात यातले येते ते निवडणुकीपुरते. कोणाचे पॅनल आले, गुलाल कोणी उधळला. गुलाल धुऊन निघाल्यावर पुढची पाच वर्षे काय ठरते, याकडे लक्ष ठेवणारे गावातही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या प्रकरणाचे सांगणे एवढेच आहे की कोणतीही एक ग्रामपंचायत सलग वर्षभर वाचावी. एखाद-दुसरा ठराव पाहून फारसे काही कळत नाही. वर्ष पुरे झाले की कायद्याच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट दिसू लागते. गावाचे मोठे निर्णय कोणत्या महिन्यात होतात आणि त्या महिन्यात गावात कोण असते, ही ती गोष्ट.

वही कशी वाचावी

ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर चालतो. सभा दोन तऱ्हेच्या. मासिक सभा निवडून आलेल्या सदस्यांची. लोकसंख्येप्रमाणे हे सदस्य सातापासून सतरापर्यंत असतात. ग्रामसभा मात्र गावातल्या सगळ्या मतदारांची. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हापासून ग्रामसभेचा उल्लेख थेट राज्यघटनेत आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रघाताने त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी किंवा त्यांच्या आगेमागे होतात. नोटीस सात दिवस आधी लागते आणि ग्रामसभेच्या अगोदर महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. सभा बोलावण्यात कसूर केली तर सरपंचाचे पद जाऊ शकते. त्यामुळे सभा कागदावर तरी होतातच.

मासिक सभेच्या नोटिशीवर विषय ठरलेले असतात. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. क्रमांक २, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे. क्रमांक ३, आलेल्या पत्रव्यवहाराचे वाचन करणे. मग दोन-चार कामाचे विषय. आणि अगदी तळाला, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे. जाणकार माणूस वही हातात आली की या शेवटच्या विषयापासून वाचायला लागतो. ना-हरकत दाखला, जागा भाड्याने देणे, एखाद्या फार्महाऊसवाल्याला नळजोडणी, कोणाच्या तरी बांधकामाची नोंद, असे विषय नोटिशीवर न येता ऐनवेळी आलेले दिसले की तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी. दरवेळी त्यात काळेबेरे असेलच असे नाही, खरोखर घाईचीही कामे असतात. पण एकाच तऱ्हेचा विषय वर्षात चार वेळा ऐनवेळी येत असेल, तर ती घाई ठरवून केलेली असते.

ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात आणि शेवटी तीन शब्द : ठराव सर्वानुमते मंजूर. ज्या गावात वर्षभर सगळेच ठराव सर्वानुमते होतात, तिथे एक तर रामराज्य आहे, नाही तर इतिवृत्त सभा उठल्यावर लिहिले गेले आहे. विरोध केला तर तो नावानिशी नोंदवून घ्यावा लागतो. हे ठाऊक नसलेला सदस्य सभेत तावातावाने भांडतो आणि महिन्याने बघतो तर आपण सर्वानुमतात जमा झालेलो. म्हणून पुढच्या सभेतला पहिलाच विषय, इतिवृत्त कायम करण्याचा, हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा. चूक दुरुस्त करायची ती तिथेच. तो विषय दोन मिनिटांत उरकला गेला की मागच्या महिन्याचे भांडण कागदावरून पुसले जाते.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. ती न भरल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. कायद्यातली ही एक ओळ अनेक गावांचा कारभार चालवते. पहिल्या दिवशी चाळीस माणसे जमतात, सभा तहकूब होते आणि पुढच्या तारखेला पंधरा जण बसून वर्षाचा आराखडा मंजूर करतात. कायदेशीर दृष्ट्या त्यात खोट काढता येत नाही. म्हणून वर्षभर पाहणाऱ्याने ठरावाच्या आधी सभेची जात बघावी, ती मूळ सभा आहे की तहकुबीची. मग हजेरीच्या सह्या मोजाव्यात. रजिस्टर नंतर घरोघर फिरवले असेल तर तेही सह्यांकडे पाहून कळते. एकाच पेनने, एकाच ओळीत, आळीतल्या घरांच्या क्रमाने सह्या पडलेल्या दिसतात.

धागा धरून वाचणे म्हणजे काय, याचे एक कल्पित उदाहरण घेऊ. एप्रिलच्या मासिक सभेत ठराव : नळपाणी योजनेची मोटार जळाल्याने दुरुस्त करून घेणे, येणाऱ्या खर्चास मंजुरी. मे महिन्याच्या जमाखर्चात त्याची रक्कम. नोव्हेंबरात मोटार पुन्हा जळाली, पुन्हा ठराव. जानेवारीत नवी मोटार घेण्याचा ठराव. मार्चमध्ये खरेदी झाल्याची नोंद. यांतला कोणताही ठराव सुटा वाचला तर त्यात वावगे काहीच नाही, मोटारी जळतातच. सगळे एकाखाली एक ठेवले की प्रश्न सुचतात. विहिरीला पाणी नसताना मोटार कोरडी चालवली जाते का? विजेचा दाब कमी असतो का? दुरुस्तीचे बिल दरवेळी एकाच दुकानाचे का? जुनी मोटार गेली कुठे, तिची भंगारात तरी जमा दिसते का? यांतला शेवटचा प्रश्न ग्रामसभेत हमखास हशा पिकवतो. उत्तर मात्र क्वचित मिळते.

दोन पंचांगे

सरकारचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मुरबाड-शहापूरच्या गावांचे वर्ष मृगाला सुरू होते. ग्रामपंचायत या दोन्ही वर्षांत एकाच वेळी जगते आणि तिच्या कारभारातली बरीच ओढाताण इथून येते.

आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा एप्रिल-मे महिन्यात. कायद्याप्रमाणे हिच्यासमोर मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, चालू वर्षात करायची कामे आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी, तिला दिलेल्या उत्तरांसकट, ठेवावी लागते. हिशेब विचारायची खरी सभा हीच. पण तेव्हा लग्नसराई ऐन भरात असते, विहिरी आटलेल्या असतात, बाया-माणसे हंडे घेऊन रांगेत असतात. आणि कातकरी, ठाकूर कुटुंबांपैकी बरीच अजून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर असतात. ती परततात पावसाच्या तोंडावर.

१५ ऑगस्टची सभा खरी भरगच्च. भाताची लावणी उरकलेली असते, सगळे गावात असतात, झेंडावंदनाला आलेले लोक तसेच थांबतात. तंटामुक्त गाव मोहीम २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली. तेव्हापासून तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडण्याचे काम या पंधरवड्यात येते आणि त्यावरून काही गावांत जो तंटा होतो तो सोडवायला दुसरी समिती लागावी. घरकुलाची यादी, लाभार्थ्यांची निवड, रेशनच्या तक्रारी, सगळे या सभेत उफाळून येते. आवाज चढतात, माईक हिसकावला जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटते लोकशाही इथेच चालू आहे. ती तिथे असतेही, पण गावाचा पैसा त्या दिवशी ठरत नाही.

पैसा ठरतो २ ऑक्टोबरपासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा या काळात बनतो. महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने हा कार्यक्रम चौदाव्या वित्त आयोगाबरोबर, २०१५-१६ पासून सुरू झाला. आधी शिवारफेरी, गटचर्चा, गरजांची यादी, मग प्राधान्यक्रम आणि ग्रामसभेची मंजुरी, असा त्याचा क्रम. जानेवारीत ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रकही तयार होते आणि पंचायत समितीकडे जाते. रोजगार हमीच्या कामांची यादी, जिला कार्यालयात शेल्फ म्हणतात, तीही याच सुमारास ठरते.

आता याच चार महिन्यांचे दुसरे पंचांग पाहा. ऑक्टोबरमध्ये हळवे भात कापणीला येते, पाठोपाठ गरवे. नोव्हेंबरात झोडणी, खळ्यावर रास. दिवाळी झाली की वीटभट्टीचा ट्रक वाडीवर येतो. मालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून नवरा-बायको, लेकरे, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे चढतात. वाडीत म्हातारी माणसे उरतात. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते आणि आराखड्यावर शेवटचा शिक्का बसतो, तेव्हा वाडीकडे रस्ता हवा की मुख्य गावठाणात आणखी एक पेव्हर ब्लॉकचा चौक हवा, हे ठरवायला वाडीचे कोणी नसते. हे कोणी कट करून केलेले नाही. वित्त आयोगाचे वेळापत्रक दिल्लीत ठरते आणि वीटभट्टीचे पावसावर. पण परिणाम दरवर्षी तोच. पावसात शाळेला जायला साकव हवा, ही मागणी १५ ऑगस्टच्या सभेत ओरडून सांगितली जाते, इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढीच उरते आणि जानेवारीच्या आराखड्यात येत नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा ओरडून सांगितली जाते.

कोणाला हे कळायचे असेल तर ऑगस्टचे आणि जानेवारीचे इतिवृत्त शेजारी ठेवून वाचावे. ऑगस्टमध्ये काय मागितले गेले आणि जानेवारीत काय मंजूर झाले, या दोन याद्यांमधला फरक म्हणजे त्या गावाचे खरे राजकारण. उपायही फार अवघड नाही. आराखड्याची वाडीवारची चर्चा कापणीच्या आधी, सप्टेंबरात उरकावी आणि वाडीच्या मागण्यांचा लेखी ठराव माणसे गावात असतानाच करून घ्यावा. कायदा याच्या आड येत नाही, आड येतो तो आळस.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळीच धावपळ. निधी अखर्चित राहू नये म्हणून कामे सुरू होतात. बाक, कचराकुंड्या, पथदिवे, क्रीडासाहित्य हा मार्च महिन्याचा खास माल. यावर जास्त लिहिण्यासारखे नाही, सरकारी कार्यालय कोणतेही असो, मार्च सगळीकडे सारखाच.

कोणाचा पैसा, कशावर

ग्रामपंचायतीचा पैसा तीन-चार खिशांतून येतो आणि प्रत्येक खिशाचे नियम वेगळे. पहिला खिसा स्वतःच्या उत्पन्नाचा : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, गाळ्यांचे भाडे. घरपट्टी २०१५ च्या अखेरीपासून इमारतीच्या भांडवली मूल्यावर आकारली जाते आणि आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. समजा गावाचे स्वतःचे उत्पन्न चार लाख आहे. मग साठ हजार, चाळीस हजार आणि वीस हजार असे एक लाख वीस हजार रुपये तिथेच बाजूला निघाले. उरलेल्यात शिपाई, पाणी सोडणारा कर्मचारी, पंपाचे वीजबिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि ती जळणारी मोटार.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. हे तीन राखीव भाग अंदाजपत्रकात अचूक लिहिलेले असतात, कारण त्याशिवाय ते पुढे सरकत नाही. खर्च झाले का, हे अंदाजपत्रक सांगत नाही. ते सांगते रोकडवही, म्हणजे नमुना ५. ग्रामपंचायतीच्या सगळ्या दप्तराला नमुना क्रमांक असतात आणि कार्यालयात बोलायचे तर क्रमांकानेच बोलावे, काम लवकर होते : ८ म्हणजे कर आकारणी, ९ मागणी, १० करपावती. अंदाजपत्रक ही इच्छा आहे आणि नमुना ५ ही करणी. दिव्यांगांचा निधी जानेवारीपर्यंत शून्य खर्च आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकरकमी वाटप, हे चित्र अनेक ठिकाणी दिसते. वाटप तर झाले ना, असे कोणी म्हणेल. झाले, पण ज्याला जूनमध्ये कुबड्या हव्या होत्या त्याने पावसाळा तसाच काढला.

दुसरा खिसा वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा. ४० टक्के अबंधित, तोही पगारासाठी नाही. महाराष्ट्राच्या वाट्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी. हा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीने निघतो. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी या दोन्ही पदांना सरकारने २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी हे एकच नाव दिले, पण गावात अजून ‘भाऊसाहेब’ हाच हुद्दा चालतो. नवा सरपंच आला की त्याची ही डिजिटल सही, म्हणजे डीएससी, नोंदवून होईपर्यंत महिने जातात आणि तेवढे दिवस केलेल्या कामाचे बिल अडकून राहते. ठराव मंजूर, काम पूर्ण, पैसे नाहीत, असा प्रकार दिसला तर आधी हे विचारावे. भ्रष्टाचाराचा संशय त्यानंतर घेता येतो.

तिसरा खिसा पेसाचा. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनुसार इथे वाडी-पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा असू शकते. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी २०१५ पासून अशा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते. एकाच ग्रामपंचायतीत दोन पाडे पेसात आणि गावठाण बाहेर, असे असले की हा निधी कोणाचा यावरून जुंपते. अशा वेळी खर्च नेमक्या कोणत्या वस्तीत झाला, हे मोजमाप पुस्तिकेत पाहावे लागते. ठरावात ‘मौजे अमुक येथे’ एवढेच लिहिलेले असते, मोजमाप पुस्तिकेत मात्र अभियंत्याला कुठून कुठपर्यंत, किती मीटर, हे लिहावेच लागते.

टँकरचा ठराव

मुंबईला पाणी पाजणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणे म्हटली की शहापूरचे नाव येते. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे. आणि याच तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात, मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातही. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरच्या गावपाड्यांना उताराने पाणी आणण्याची योजना त्यातूनच पुढे आली.

टँकर मागितल्यावर येत नाही. त्याची सुरुवात ग्रामपंचायतीच्या ठरावाने होते. ठराव पंचायत समितीला जातो. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांची संयुक्त पाहणी होते, जवळची विहीर अधिग्रहित करता येईल का ते बघतात, आणि मगच मंजुरी. टँकरचे माप माणशी रोज २० लिटर. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये नळाने द्यायचे ठरवलेले माप ५५ लिटर.

पण टंचाईचा कृती आराखडा उन्हाळ्यात बनत नाही. तो तीन टप्प्यांत असतो : ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून. विहिरीतला गाळ काढणे, विंधन विहिरीची दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळयोजना, हे सगळे उपाय त्यात बसतात आणि त्यांना टँकरपेक्षा कमी खर्च येतो. फक्त ते विहिरीत पाणी असताना सुचायला हवेत. ज्या ग्रामपंचायतीचा पाण्याविषयीचा वर्षातला पहिला ठराव मार्चमध्ये आहे, तिने टँकरच निवडलेला असतो, मग वहीत तसे लिहिलेले नसले तरी. उलट ऑक्टोबरच्या इतिवृत्तात ‘पाड्यावरील विहिरीतील गाळ काढणे’ असा एका ओळीचा ठराव दिसला, तर त्या गावाचा भाऊसाहेब किंवा सरपंच, दोघांपैकी एक तरी कामाचा आहे असे खुशाल समजावे.

गावाबाहेर गेलेले ठराव

काही ठराव गावाची वेस ओलांडतात. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर मुंबई महानगराच्या पाण्यासाठी धरणाचे काम २०११ मध्ये वनखात्याच्या परवानगीवाचून सुरू झाले. बुडिताखाली जाणाऱ्या गावांनी विरोधाचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. वनजमीन वळती करताना ग्रामसभेची संमती लागते, हे केंद्राने २००९ मध्येच वनहक्क कायद्याच्या आधारे कळवलेले होते. एरवी दुर्लक्षिलेल्या वहीतले कागद अशा वेळी न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहतात. तारीख, गणपूर्ती, सह्या, सगळे तपासले जाते आणि ज्याचे इतिवृत्त ढिसाळ त्याची बाजू लंगडी पडते. दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचे. मे २०२२ मध्ये त्या गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श म्हणून ठेवला.

मुरबाड आणि शहापूर या तालुक्याच्या गावांत आता नगरपंचायती आहेत. सतरा प्रभाग, नगरसेवक, मुख्याधिकारी, मोठा निधी. गाव शहर झाले म्हणून लोकांना बरे वाटते. मात्र नगरपंचायत आली की ग्रामसभा जाते. उठून उभे राहून ‘हा खर्च कशाचा?’ असे विचारायची जागाच उरत नाही, विचारायचे ते नगरसेवकामार्फत. वैशाखऱ्यासारख्या गावाकडे ती जागा अजून आहे. वरच्या पायरीचे काय? डिसेंबर २०१७ मध्ये निवडून आलेली ठाणे जिल्हा परिषद मुदत संपल्यावर २०२३ च्या सुरुवातीला प्रशासकाकडे गेली. तिच्या पंचायत समित्यांचीही तीच गत झाली. तेव्हापासून गावाचे अंदाजपत्रक ज्या टेबलावर मान्यतेला जायचे तिथे लोकांनी निवडलेला माणूस नव्हता. अशा दिवसांत ग्रामसभेचे वजन वाढायला हवे होते. तसे ते वाढल्याचे निदान हजेरीपटावर तरी दिसत नाही.

वर्षभर लक्ष ठेवायला फार साधने लागत नाहीत. वित्त आयोगाच्या पैशाचा मंजूर आराखडा आणि त्यातून निघालेली देयके ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही पाहता येतात, त्याला पासवर्ड लागत नाही. स्वतःच्या उत्पन्नाचा खर्च बहुधा तिथे सापडत नाही, त्यासाठी नमुना ५ मागावा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये, मुदत तीस दिवस. पण अर्ज ठोकण्याआधी एकदा कार्यालयात जाऊन भाऊसाहेबांकडे वही बघायला मागावी. पुष्कळदा ती मिळते, आणि मिळाली नाही तरी आपण विचारून गेलो हे गावात कळते, त्याचाही उपयोग होतो. एका भाऊसाहेबाकडे दोन-तीन ग्रामपंचायती असू शकतात, म्हणून आपल्या गावचा वार कोणता ते आधी विचारून घ्यावे.

आणि सुरुवात करायची असेल तर एप्रिल-मेमधल्या ग्रामसभेपासून करा. नोटीस सात दिवस आधी फलकावर लागते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सभा तहकूब झाली तर पुढच्या तारखेलाही जा. लेखापरीक्षण टिप्पणीचा विषय आला की ‘वाचली असे समजण्यात यावे’ असे कोणी तरी म्हणेल. समजू नका, पूर्ण वाचून दाखवायला सांगा आणि तसे सांगितल्याचे इतिवृत्तात लिहून घ्या.